बाइंडरकाका

वरच्या मजल्यावरची आग विझत आली आणि आमच्या घरात पाणी गळायला लागलं. होजमधून मिनिटाला शेकडो लिटर पाणी सुटतं, ते खालीच येणार. मुलुंड पूर्वेची आमची जुनी इमारत. स्लॅबच्या भेगांतून, पंख्याच्या हुकापासून काळं, जळकट वासाचं पाणी ठिबकत राहिलं. अग्निशमन दलाच्या एका जवानाने आमचा मेन स्विच बंद केला, पलंग ओढला, कपाटावर ताडपत्री टाकली आणि तो वर पळाला. मास्कमुळे चेहरासुद्धा दिसला नाही. १९४४च्या गोदी स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशामकांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल पाळतात. त्या दिवशी मी त्याचीही आठवण काढते.

ताडपत्री पडेपर्यंत कपाटाचा तळकप्पा भरला होता. त्यात घराचा मूळ करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि सासूबाईंचे फोटो. मूळ करारनामा हाती नसेल तर घर विकताना, कर्ज काढताना काय वणवण होते, ते मुंबईत कुणाला सांगायला नको. माझा धीर तिथे सुटला.

शेजारच्या विंगमधले बाइंडरकाका आले ते चपला काढून थेट कपाटापाशी बसले. चर्नी रोडच्या शासकीय मध्यवर्ती मुद्रणालयात जन्मभर बांधणीचं काम केलेले. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कलिन्यात बहिणीच्या घरचे कागद त्यांनीच वाचवले होते.

"वहिनी, काही सोडवायला जाऊ नका. ओल्या कागदात जीव नसतो."

फोटो त्यांनी स्वच्छ पाण्याच्या परातीत सोडले. एकमेकांना चिकटून वाळले असते तर कधीच सुटले नसते. करारनामा पिशवीत घालून शेजारच्या घरातल्या फ्रीझरमध्ये ठेवला. बुरशी दोनेक दिवसांत धरते, गोठवलं की थांबते. मग सवडीने एकेक पान काढून टीपकागदांमध्ये ठेवायचं, टीपकागद बदलत राहायचे, वर बेताचं वजन. ऊन नाही, पंख्याचा थेट झोत नाही. पानाच्या कोपऱ्याखाली त्यांची हाडाची पट्टी सरकताना मी श्वास रोखून बघायची. शिक्क्याची जांभळी शाई ढगासारखी पसरली होती, पण टंकलेखनाची अक्षरं आणि बॉलपेनच्या सह्या जिथल्या तिथे होत्या. "वाचलं," काका म्हणाले, आणि मला रडू कोसळलं.

भिंतींचंही त्यांनीच सांगितलं. काजळी ओल्या फडक्याने पुसू नका, आत मुरते. आधी कोरडी झटका. प्लास्टर पुरतं वाळल्याशिवाय रंग नको. प्लायवूडचं फर्निचर फुगून गेलं, ते टाकावंच लागलं. सासूबाईंचं सागवानी कपाट मात्र उभं राहिलं.

पैशांचं विचारलं तर काकांना राग आला. चहा घेतला, तोही बिनसाखरेचा. एवढ्या कसबी हातांना या शहरात कुणी ओळखत नाही, याची खंत मला अजून आहे.

हल्ली ते मुलाकडे डोंबिवलीला असतात. दिवाळीत फराळ घेऊन जाते तेव्हा डबा बाजूला ठेवून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "करारनामा कुठे ठेवलाय?"

"वरच्या कप्प्यात, काका."

"आणि प्लास्टिकमध्ये नाही ना? दमट हवेत आत घाम धरतो. सुती कापडात गुंडाळा."