टोक मागे राहू दे

प्रिय अनघा,

अन्ननलिकेत अडकलेलं पहिलं नाणं तू स्वतःच्या हातांनी काढलंस! कळल्यापासून मी खुशीत आहे. आता तुला शेव्हालियर जॅक्सनबद्दल सांगायलाच हवं.

फिलाडेल्फियाच्या या घशाच्या डॉक्टरनं (१८६५–१९५८) रुग्णांच्या अन्ननलिकेतून, श्वासनलिकेतून दुर्बिणीनं काढलेली वस्तू न् वस्तू नोंदीसकट जपली. तिथल्या म्यूटर संग्रहालयात त्या २,३७४ वस्तू आहेत. बटणं, हाडं, नाणी, शाळेत पूर्ण हजेरीसाठी मिळालेला बिल्लासुद्धा. मला मोलाच्या वाटतात त्या उघड्या सेफ्टी पिना. टोक वर असलेली पिन तशीच ओढली तर अन्ननलिका फाटते. अशी पिन तो जठरात नेऊन फिरवी आणि टोक मागे राहील अशी वर आणी. बाहेर नातेवाईक रडत असताना आत एवढा धीर धरायचा, यालाच मी शस्त्रक्रिया म्हणते.

पण त्याचं सर्वांत मोठं काम दुर्बिणीबाहेरचं. तेव्हा अमेरिकेत घरोघरी कॉस्टिक सोडा असे, डब्यावर धोक्याची सूचना नसे. मुलं तो खात. नलिका भाजून आकसे, मग पाणीही उतरत नसे. अशी मुलं पाहून तो वर्षानुवर्षं कायद्यासाठी झगडला. १९२७ मध्ये कायदा झाला आणि डब्यावर विषाची सूचना सक्तीची झाली.

आपल्या काळातला कॉस्टिक सोडा म्हणजे बटण सेल. इजा करायला तो फुटावा लागत नाही. ओल्या नलिकेत अडकला की वीज वाहू लागते, ऋण बाजूला अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल भाजतं. एक्सरेत तो नाण्यासारखाच दिसतो, म्हणून कडेचं दुहेरी वर्तुळ दरवेळी शोध. दिसलं, तर उपाशीपोटाची वाट बघत बसू नकोस.

आणि आपल्याकडे अजूनही केळं, भाताचा गोळा भरवून वस्तू खाली ढकलतात. त्यात तास जातात, भूल देणंही अवघड होतं. सेलची शंका असेल, मूल वर्षावरचं असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील, तर रुग्णालयाच्या वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबू मात्र नये.

घरच्यांसाठीच्या या सूचना तुझ्या ओपीडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत, सोप्या मराठीत लाव. मजकूर आधी मला पाठव, मी तपासून देते.

तुझी,
मावशी