काळी लेखणी

माझ्या टेबलावर एक काळीभोर लेखणी असते. तिच्यावर सोन्याचे पाणी नाही, की कोणत्या कारखान्याचे नाव नाही. पण ती हातात घेतली की मला माझीच एक चूक आठवते.

भंडारा जिल्ह्यातील करडी हे आमचे गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख. आमच्या बांधावर तेंदूचे एक जुने झाड होते. तेंदू म्हणजे विडीची पाने देणारे झाड, एवढीच त्याची आम्हांला ओळख. उन्हाळ्यात बायामाणसे पहाटेच पाने तोडायला रानात जात आणि आम्ही मुले त्याच्या गोड, पिवळ्या फळांवर ताव मारीत असू. त्याच्या लाकडाकडे मात्र कोणी पाहत नसे. तीन वर्षांपूर्वी ते झाड वादळात उन्मळून पडले, तेव्हा त्याचे सरपण करावे असे मी ठरविले.

ओंडके फोडायला गावातला वाढई आला. तो माझाच जुना विद्यार्थी. शाळेत असताना तो बाकाखाली चाकूने लाकूड कोरीत बसे. एकदा मी त्याने केलेला भोवरा काढून घेतला आणि साऱ्या वर्गासमोर म्हणालो, "लाकडे तासून कोणी शहाणा होत नाही. हाती लेखणी धर!" त्याने मान खाली घातली. तो भोवरा मी त्याला परत दिलाच नाही.

कुऱ्हाडीचे दोन घाव बसले आणि तो थांबला. "गुरुजी, हे जाळू नका," तो म्हणाला. ओंडक्याची कड फिकट होती. पण गाभा कोळशासारखा काळा! जुन्या तेंदूच्या पोटात असे काळे, कठीण लाकूड तयार होते. श्रीलंकेतले प्रसिद्ध आबनूस याच कुळातले. एकोणिसाव्या शतकात रबरात गंधक मिसळून एक कठीण, काळा पदार्थ तयार करण्यात आला. आबनुसाच्या इंग्रजी नावावरूनच त्याला एबोनाइट म्हणू लागले. पुढे त्याच्या असंख्य लेखण्या झाल्या. ज्याची ती नक्कल, त्याचा भाऊबंद आमच्या बांधावर उभा होता आणि मी त्याला चुलीत घालणार होतो!

वाढयाने गाभ्याचे लहान तुकडे केले, त्यांच्या टोकांना मेण लावले आणि ते सावलीत ठेवले. लाकडातील ओलावा टोकांकडून लवकर उडतो, त्यामुळे त्याला तडे जातात. मी दर महिन्याला विचारी, "झाले का?" तो हसून म्हणे, "वाळू द्या, गुरुजी." असे दीड वर्ष गेले.

मग एके दिवशी त्याने मला बोलावले. तुकड्याच्या मधोमध भोक पाडताना लाकूड तापले आणि चिरले. दीड वर्षाची वाट फुकट गेली! मी असतो तर चिडलो असतो. त्याने शांतपणे दुसरा तुकडा घेतला आणि थांबत थांबत, भुसा काढीत भोक पूर्ण केले. नंतर तो तुकडा लेथवर फिरू लागला. पटाशीखालून काळी साल निघावी तशा चकत्या निघाल्या. शेवटी काचकागद आणि मेण यांनी त्यावर झळाळी आली. लाकूड शाई शोषून घेते, म्हणून आत शाईची वेगळी नळी बसविली आणि पुढे निब लावली.

लेखणी माझ्या हाती देत तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही लेखणी धरायला सांगितली होती. धरणे काही जमले नाही; करणे जमले."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला अधिक लागले. त्या भोवऱ्याबद्दल मी त्याची क्षमा मागितली. तो लाजून हसला आणि खाली पडलेला भुसा झाडू लागला. त्याची मुलगी दाराशी उभी होती. तिच्या नव्या वहीवर मी त्या लेखणीने तिचे नाव लिहिले आणि त्यापुढे तिच्या वडिलांचेही.