धुळीवरचे कुंकू

घरातील एखाद्या वस्तूची आबाळ नेहमी अनादरानेच होते असे नाही. पुष्कळदा ती आदरानेही होते. हे विधान वाचकांस चमत्कारिक वाटेल. गेल्या खंडेनवमीपर्यंत मलाही ते तसेच वाटले असते.

वाशिमच्या आमच्या वाड्यात, मागील अंगणातल्या निंबाखाली, अण्णाकाकांची मोटार उभी आहे. कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. परंतु तिची मूळ ठेवण इटलीच्या फियाटची, म्हणून लोकांच्या तोंडी फियाट हेच नाव राहिले. काकांनी ती १९९२ साली घेतली, तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी वाशिमचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढे येथल्या गाड्यांस ३७ हा अंक मिळाला. आमच्या गाडीच्या पाटीवर मात्र अजून अकोल्याचा ३० हाच अंक आहे.

गाडी काकांची, पण तिच्यावर हक्क साऱ्या घराचा. कारंज्याच्या दत्तदर्शनास, शिरपुरास, लोणारचे सरोवर पाहावयास आम्ही मुले तीत दाटीवाटीने बसून जात असू. रविवारी सकाळी काका धोतराचा काचा मारून स्वतः ती धूत, आणि बादल्या भरण्याचा मान आम्हांला मिळे.

काकांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. त्यानंतर घरात एक वाक्य रूढ झाले : 'काकांची गाडी आहे, उगाच हात लावू नका.' ते प्रथम कोण बोलले, हे कोणालाच आठवत नाही. पण ते सर्वांस सोयीचे होते. थोरला चुलतभाऊ पुण्यास, मी नागपुरास, धाकटा वाड्यातच परंतु सदा कामात. निंबाचा पाचोळा पडत राहिला, पक्षी आपले काम करीत राहिले, आणि अलीकडे 'भंगारात तरी देऊन टाकावी' असेही कोणी कोणी हळूच बोलू लागले होते. दसऱ्याची पूजा मात्र एकदाही चुकली नाही.

यंदा मी खंडेनवमीस सकाळीच घरी पोचलो. देवघरातील शस्त्रांची व हत्यारांची पूजा आटोपून काकू तबक घेऊन गाडीजवळ आल्या होत्या. त्यांनी बोनेटवर कुंकवाचे बोट टेकविले. ते पत्र्याला लागलेच नाही, धुळीसकट खाली घसरले. मी पाहतो आहे हे ध्यानी येताच त्या म्हणाल्या, "दरवर्षी असेच होते रे. वाटते, निदान पुसून तरी घ्यावी. पण माझा हात टपापर्यंत पोचत नाही. आणि तुम्हां मुलांना सांगावे, तर हात लावायचा नाही असे तुम्हीच म्हणता."

या शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. ज्यांच्या भावना जपण्यासाठी म्हणून आम्ही गाडीपासून दूर राहिलो, त्यांना आम्ही कधी विचारलेच नव्हते! मी बाह्या सरसावल्या.

धाकट्याचा मुलगा कोरडे फडके घेऊन धावत आला. त्याला प्रथम थांबविले. धुळीत रंगाहून कठीण असे वाळूचे कण असतात. कोरडे पुसले की प्रत्येक कण ओरखडा काढतो. आधी भरपूर पाणी, तेही टपापासून खाली. कपड्यांचा साबण कटाक्षाने टाळला. पक्ष्यांची वाळलेली विष्ठा न खरवडता तीवर ओले कापड ठेवून ती भिजू दिली. आमच्या विहिरीचे पाणी जड. उन्हात वाळले की पांढरे डाग ठेवते, म्हणून काम सावलीत केले आणि अंग लगेच टिपून घेतले. टिपावयास काकूंनी काकांचे जुने धोतर आणून दिले.

खरा धडा मडगार्डच्या आतील कडेशी मिळाला. आमची वऱ्हाडची काळी माती ओल फार दिवस धरून ठेवते. कपाशीला तो आशीर्वाद, पत्र्याला तो शाप. लाकडी काडीने व पाण्याने ती काढली, तेव्हा अर्धे घमेले भरले. तिच्याखाली दोन बोटे रुंदीचा गंज निघाला. दिसणाऱ्या धुळीने गाडीची शोभा गेली होती. आयुष्य खाल्ले ते न दिसणाऱ्या चिखलाने.

दुपारी पॉलिश लावावयास घेतले, तोच मुलगा ओरडला, "काका, रंग निघाला!" फडके खरोखरच निळे झाले होते. परंतु भिण्याचे कारण नव्हते. आजच्या मोटारींच्या रंगावर पारदर्शक लेप असतो, तसा या जुन्या रंगावर नाही. ऊन व हवा यांनी त्याचा वरचा थर मरतो आणि खडूसारखा फिका पडतो. तो हलक्या हाताने काढला की खालचा जिवंत रंग वर येतो. मात्र प्रत्येक वेळी थोडा रंग जातोच, म्हणून कोठे थांबावे हे कळले पाहिजे. तासाभरात बोनेटवर निंबाची फांदी उमटली.

चालकाच्या खिडकीच्या कडेवर आम्ही थांबलो. तेथे काकांचे कोपर टेकत असे. रंग झिजून खालचा करडा अस्तर-रंग दिसत होता. नवा रंग मारून घ्यावा काय, असे मी काकूंना विचारले. यावेळी विचारले! त्या क्षणभर तेथे हात ठेवून उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "तेवढे असू दे. पण पुढे झिजू देऊ नकोस." मग ती जागा न घासता तीवर केवळ मेणाचा हात दिला. आदर आणि निगा यांचा मेळ कसा घालावा, हे त्या एका वाक्यात मला कळले.

या खटाटोपाने गाडी चालू झाली असे मात्र नाही. यंत्र नऊ वर्षे निजले आहे, आणि गंजलेल्या पत्र्यास कारागीरच हवा. पण दसऱ्याच्या सकाळी काकूंनी लावलेले कुंकू जागच्या जागी राहिले, आणि झेंडूची माळ बोनेटच्या निळाईत दुसऱ्यांदा दिसली. भंगाराचा विषय कोणी काढला नाही.

आरती झाल्यावर काकूंनी सर्वांकडे पाहून विचारले, "आता दर रविवारी कोण धुणार, ते आजच ठरवा." धाकट्याच्या मुलाने सर्वांआधी हात वर केला. बादल्या भरण्याचे काम त्याने आपल्या वडिलांकडे दिले आहे.