ओसरीवरचा निवाडा

गोंदिया, रविवार, रात्री

व्ही. शांतारामांचा सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता, हा आमच्या ओसरीवरचा जुना मुकदमा आजही तहकूबच राहिला. माझे शेजारी नाझरसाहेब घरी हिंदी बोलणारे आणि मी मराठी. परंतु शांतारामांच्या प्रभात फिल्म कंपनीने 'कुंकू' (१९३७) व 'दुनिया ना माने', 'माणूस' (१९३९) व 'आदमी', 'शेजारी' (१९४१) व 'पडोसी' अशी जुळी रूपे निर्मिल्यामुळे, या द्विभाषिक गावात दोघांनाही आपापल्या भाषेतून एकाच कलाकृतीची साक्ष काढता येते.

नाझरसाहेबांचा कौल 'दो आँखें बारह हाथ'ला (१९५७). सहा खुनी कैद्यांना केवळ विश्वासाच्या बळावर माळरानावर नेणाऱ्या जेलरची ती कथा. आयुष्य कचेरीत हुकूम बजावण्यात गेलेल्या त्या सज्जनाला, हुकमापेक्षा विश्वास श्रेष्ठ ठरवणारी ती कृती प्रिय असावी, हे मी समजू शकतो.

माझे मन मात्र 'शेजारी'पाशीच थबकते. बुद्धिबळाचा पट मांडून बसणारे ते दोन वृद्ध, एक हिंदू आणि एक मुसलमान, धरणाच्या निमित्ताने दुरावतात. आणि 'पडोसी'त तर हिंदू ठाकुराची भूमिका मुसलमान मझहर खान यांनी व मुसलमान मिर्झाची हिंदू गजानन जागीरदारांनी केली, या योजनेतच साऱ्या चित्रपटाचे तात्पर्य सामावले आहे. नवेगावबांधासारख्या तलावांच्या या मुलखात, पाणी गावाला कसे जोडते आणि पाळ फुटली की काय वाहून जाते, हे कोणाला सांगावे लागत नाही.

निघताना नाझरसाहेबांनी माझ्या हातावर सुपारीचे खांड ठेवले. ते चघळून संपेपर्यंत मी अंगणात उभा होतो.