उगवतीचा समुद्र

कोकणात वाढलेल्या माणसाला पेस्कारात गेल्यावर सुरुवातीला दिशा लागत नाहीत. समुद्राकडे तोंड करून संध्याकाळची वाट पाहावी, तर मावळतीचं ऊन पाठीवर. कुणी सह्याद्री आणि अरबी समुद्र उचलून एकमेकांच्या जागी ठेवावेत, तसा हा इटलीचा किनारा : पूर्वेला एड्रियाटिक, पश्चिमेला अपेनाइन्सचे डोंगर. स्वच्छ सकाळी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मागे वळलं की ग्रान सास्सो दिसतो, २९१२ मीटर उंच, जूनच्या आरंभीही घळींमध्ये बर्फ धरून बसलेला. अंग खाऱ्या पाण्यात आणि डोळे हिमावर. या एका सुखासाठी मी पुन्हा इतका प्रवास करीन.

इटलीला जाणारे आपले लोक सहसा इकडे फिरकत नाहीत. पेस्कारा नवं शहर आहे. नदीच्या एका काठाला पेस्कारा, दुसऱ्या काठाला कास्तेल्लामारे, अशी ही दोन वेगळ्या जिल्ह्यांतली गावं. १९२७ साली ती एक झाली. कवी गाब्रिएले दान्नुन्त्सिओ इथे १८६३ मध्ये जन्मला, त्याचं घर जपलेलं आहे, ते पाहावं. बाकी सरळ रस्ते, चार-पाच मजली इमारती, बाल्कन्यांवर ऊन अडवायला ताणलेली पट्ट्यापट्ट्यांची कापडं. पाहुण्याला थांबवून काही दाखवायची या शहराला घाई नाही. ते आपल्या कामात असतं, आणि त्याच्या कामात आपल्यालाही जागा मिळते. मला हे फार आवडलं.

खरा मुक्काम मात्र वाळूवर. किनाऱ्यावर छत्र्यांच्या रांगाच रांगा. कुटुंबं अख्ख्या हंगामासाठी छत्री भाड्याने घेतात आणि पुढच्या वर्षी तीच मागतात, म्हणजे शेजारही तोच. माझ्या बाजूच्या आजी न्याहारीनंतर मांडीवर टॉवेल पसरून पीच सोलायला बसत. साल एका सलग पट्टीत उतरायची. मग सुरीच्या टोकावर फोड धरून त्या पाण्यातल्या नातवंडांना हाक मारत. पोरं निथळत येत, फोड तोंडात घेत आणि पुन्हा पळत. एक फोड माझ्याही वाट्याला यायची, दाताखाली थोडी वाळू घेऊन.

संध्याकाळी सारं गाव नदीच्या मुखावरच्या पुलाकडे निघतं. २००९ साली उभा राहिलेला हा पूल फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा आहे. दोघांच्या वाटा वेगळ्या, दोन्ही वळत वळत जाणाऱ्या आणि एकाच तिरक्या खांबाला तारांनी टांगलेल्या. उतरल्यावर भूक लागते, आणि इथली भूक मेंढीच्या मटणावर भागते : बोटाच्या पेराहून लहान तुकडे, काडीला ओवलेले, पन्हळीसारख्या अरुंद शेगडीवर कोळशाच्या धगीत भाजलेले. अंगावर मीठ, दुसरं काही नाही.

शहर इतकं नवं का, याचं उत्तर स्टेशनात आहे. रोमहून येणारा लोहमार्ग आणि किनाऱ्यालगत धावणारा लोहमार्ग इथे मिळतात. ऑगस्ट १९४३ च्या शेवटी आणि लगेच सप्टेंबरात दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी इथे बॉम्ब टाकले. घरंदारं गेली, माणसं गेली. आज दिसते ती बरीचशी वस्ती त्यानंतरची, पुन्हा उभारलेली.

१९४३ च्याच हिवाळ्यात ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमरीच्या आठव्या सैन्याचा बेत होता की किनाऱ्याने वर सरकत पेस्कारा गाठायचं आणि तिथून डावीकडे वळून रोमचा रस्ता धरायचा. त्या सैन्यात आठवी भारतीय डिव्हिजन होती, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या घरांतून भरती झालेली पोरं. नोव्हेंबरच्या पावसात सांग्रो नदी फुगली, सैन्याने बांधलेले पूल वाहून गेले, चिखलात गाड्या रुतल्या. तरी नदी ओलांडली, पलीकडचा चढ लढून घेतला. पुढे थंडी आणि बर्फ आलं, आणि ओर्तोनाच्या पलीकडे आघाडी अडकून पडली. पेस्कारा तिथून वीसेक किलोमीटरवर होतं. ते हाती आलं थेट पुढच्या जूनमध्ये, जर्मन मागे हटल्यावर.

त्या सैनिकांची दफनभूमी पाहायला सांग्रोकडे जाताना रस्ता समुद्राच्या कडेने उतरतो. खडकांपुढे पाण्यात लाकडी खांबांवर उभ्या मासेमारीच्या माचणी दिसतात. त्यांना इथे त्राबोक्को म्हणतात. लांब वाशांना बांधलेलं जाळं दोरांनी पाण्यात सोडायचं आणि रहाटासारखं चाक फिरवून वर ओढायचं. आता बऱ्याच माचणींवर खानावळी झाल्या आहेत.

दफनभूमी खोऱ्यावरच्या उतारावर आहे. तिथे २,६१७ कबरी आहेत, आणि ज्यांच्यावर अग्निसंस्कार झाले अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचं त्याच आवारात वेगळं स्मारक. मी मराठा पलटणीची नावं बोट ठेवून वाचली, हळू आवाजात, मराठी उच्चारांनी. ज्या गावापर्यंत पोचण्यासाठी ही माणसं नदीत उतरली, त्या गावात मी सकाळी निवांत न्याहारी करून आले होते. तो विचार मनातून हलेना, आणि त्याला हलवावं असंही वाटेना.

रोमला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मी आता सांगते : डोंगर ओलांडून तीनेक तासांत पेस्कारात पोचता येतं, तिथे चार दिवस राहा, मनसोक्त पोहा. पण एक सकाळ राखून ठेवा. पेस्काराच्या बाजारात फुलं घ्या, गाडी भाड्याने घेऊन सांग्रोला जा आणि नावं मोठ्याने वाचा. त्यांचे उच्चार तिथल्या कुणाला नीट करता येत नाहीत, तुम्हाला येतील.