तारेखालची बस

कायद्यातील व्याख्या हे रसिकांचे वाचन नव्हे. तथापि पाणीगेटजवळच्या माझ्या कचेरीत मोटार-वाहनाची व्याख्या वाचताना मी हटकून थबकतो. प्रेरकशक्ती वाहनाच्या आतून येवो वा बाहेरून, ते रुळांवर चालत नसेल तर मोटार-वाहनच, असे 1939 च्या कायद्याने ठरविले. 1988 च्या कायद्यानेही तेच कायम ठेवले. ‘बाहेरून’ शक्ती घेणारे असे वाहन म्हणजे ट्रॉलीबस. ट्रामचा विद्युत्प्रवाह रुळांतून परत जातो. रबरी चाकांच्या बसला ती सोय नाही, म्हणून तिच्या माथ्यावर एकाऐवजी दोन तारा लागतात.

मुंबईत बेस्टची ट्रॉलीबस 11 जून 1962 रोजी गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर धावू लागली आणि 24 मार्च 1971 रोजी थांबली. नऊ वर्षेही पुरी झाली नाहीत. मी तर तेव्हा जन्मलोही नव्हतो.

कायद्याने तिची व्याख्या जपली. तिच्या देहाचे काय? 1972 च्या पुरावशेष कायद्याला वस्तू सामान्यतः शंभर वर्षांची लागते. म्हणजे 1962 ची बस 2062 साली पात्र ठरणार! तोवर भंगारवाला का थांबेल? 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना मानाचा क्रमांक दिला खरा, पण तो दुचाकींना व लहान मोटारींना. धनिकाची मोटार वारसा ठरावी आणि गिरणीकामगाराला, कारकुनाला वाहून नेणारी बस ठरू नये, हे मला न्याय्य वाटत नाही.

आमच्या बडोद्यात खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत, 1862 साली, डभोई-मियागाम लोहमार्गावर प्रथम बैलांनी गाड्या ओढल्या. त्या गायकवाडी रेल्वेची आठवण प्रतापनगरच्या रेल्वे-संग्रहालयात जपली आहे. हे थोडे नव्हे. परंतु देवळाचा रथ आठवा. आज चाक बदलते, उद्या आख. उत्सवाला तो ओढायचा असतो, म्हणूनच सुतार वेळेवर येतो.

ट्रॉलीबसला तर नुसते छप्पर देऊन भागत नाही, तिच्याबरोबर तारही राखावी लागते. इंग्लंडात सँडटॉफ्ट येथे, जुन्या लष्करी विमानतळाच्या जागेवर, हौशी मंडळींनी 1969 पासून हेच केले. त्यांनी स्वतः खांब रोवून तारा ओढल्या आणि जुन्या बसगाड्या त्यांखाली पुन्हा चालविल्या. बसच्या माथ्यावरचा दांडा तारेवरून निसटला, तर तो परत चढविण्यासाठी एक लांब बांबू लागतो. जुन्या इंग्रजी बसगाड्यांच्या पोटाखाली त्यासाठी खास जागा असे.