अंगावर येणारा बचाव

कबड्डीत बचाव दोन प्रकारचे. एक वाट बघणारा, दुसरा अंगावर येणारा. पहिल्यात सात जणी साखळी धरून मागे सरकतात, तुम्हाला आत येऊ देतात. तुम्ही लोभाने एक पाऊल जास्त टाकलं की घोटा गेला. दुसऱ्यात असं काही घडायला वेळच मिळत नाही. मध्यरेषा ओलांडून जेमतेम दोन-तीनदा ‘कबड्डी’ म्हणता आणि कोपरा-कव्हरची जोडी धावत येते. मग माती दिसते, मग आकाश, मग पंचाचा वर गेलेला हात.

मी चढाईपटू. वजन 48 किलो. महिला गटात 75 किलोपर्यंतची खेळाडू चालते, तेव्हा समोरून काय येऊ शकतं याचा हिशेब तुम्हीच करा.

मुळशीकडचा एक संघ असाच अंगावर येतो. आमच्या वलवणच्या मुली दोन वर्षं त्यांच्याकडून हरत होत्या आणि दर वेळी एकच सल्ला मिळायचा: घाबरू नका. आता घाबरणं न घाबरणं हा काय डाव झाला का? सत्तर किलोची मुलगी धावत आली की धाडसी मुलगीसुद्धा खालीच जाते.

खरा डाव मला भलत्याच खेळातून कळला. आमच्याकडे जूनमध्ये धरणावर ढग येऊन बसतो तो उठायचं नाव घेत नाही. मैदानाचा चिखल दसऱ्याआधी काही वाळत नाही. तोवर समाजमंदिराच्या ओट्यावर बैठका मारायच्या आणि मोबाइलवर सामने बघायचे. माझा चुलतभाऊ हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेने नोकरी करतो. सप्टेंबर लागला की सुट्टीच्या पहाटेही जागून अमेरिकन फुटबॉल बघतो. मला तो खेळ म्हणजे हेल्मेट घालून केलेली एसटीतली चढाचढ वाटायची. एकदा तो म्हणाला, “ताई, हे बघ, तुमच्या मुळशीवाल्या.”

तिकडे दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. क्वार्टरबॅकने चेंडू फेकायचा आणि त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे. बचावातले साधारण चार जण त्याच्यावर धावून जातात, बाकीचे मागे राखणीला. पण काही संघ सहा-सात जण एकदम सोडतात. त्याला ब्लिट्झ म्हणतात. पाचांच्या भिंतीला सात जण आवरत नाहीत. पण अकरातले सात पुढे आले तर मागे राहिले किती? चार. मैदानाचा केवढा तरी तुकडा रिकामा. चेंडू फक्त ते पोहोचायच्या आत हातातून सुटला पाहिजे. कुठे सुटायचा, हे सामन्याच्या आधीच्या आठवड्यात ठरलेलं असतं.

भावाने मग 1985 चा एक सामना शोधून दाखवला. शिकागो बेअर्सचा त्या वर्षीचा बचाव आजही दंतकथा आहे. बडी रायन नावाच्या प्रशिक्षकाने तो बसवला होता. सलग बारा सामने जिंकून ते 2 डिसेंबरला मायामीत आले. मायामीचे प्रशिक्षक डॉन शुला, क्वार्टरबॅक डॅन मरीनो. शुलांनी भिंत जाड केली नाही. नॅट मूर या चपळ, अनुभवी खेळाडूला त्यांनी अशा जागी उभं केलं की त्याच्यामागे धावायला बेअर्सना भलताच, त्या कामाची सवय नसलेला माणूस लावावा लागला. मरीनो चटकन फेकत राहिला. मध्यंतरालाच मायामीचे 31 गुण झाले, सामना 38-24. त्या हंगामात बेअर्स हरले तो एवढाच एक सामना. पुढे सुपर बोलही त्यांनीच जिंकला.

माझ्या डोक्यात बसलं ते एवढंच: जो अंगावर येतो तो कुठली तरी जागा सोडून येतो.

कबड्डीत तर ही किंमत जास्तच आहे. चढाईपटूला एरवी गडी टिपायला आत जावं लागतं, इथे गडी स्वतःच चालत येतो. दोघी अंगावर आल्या आणि मी मध्यरेषेला बोट जरी टेकवलं तरी दोघी बाद. शिवाय स्पर्श झाला की लॉबी उघडते. महिलांचं मैदान 12 बाय 8 मीटर. त्यातली दोन्ही कडेची एक-एक मीटरची पट्टी स्पर्श होईपर्यंत निषिद्ध. म्हणजे सहा मीटर रुंदीत मी अडकलेली असते आणि त्यांनी हात लावला की मैदान आठ मीटरचं होतं. त्यांनीच मला पळायला जागा करून द्यायची! (ही पट्टी साधी नाही. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना लॉबीतल्या एका चढाईच्या वादावरून किती वेळ थांबला होता. शेवटी भारताने 33-29 जिंकला.)

या पद्धतीचे खरे उस्ताद इराणीच. 2018 ला जकार्तात त्यांनी आपल्या पुरुष संघाला उपांत्य फेरीत 27-18 हरवलं. 1990 पासूनची सातही सुवर्णं भारताची होती, ती माळ तिथे तुटली. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामनाही इराणने 27-24 असा घेतला. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. ज्या देशाने आपल्याला शिकवलं त्याच्याविरुद्ध असा सामना आखताना बाईंना काय वाटलं असेल, हे मी अजूनही मधूनच मनात आणते. मोहम्मदरझा शादलूला पुणेरी पलटणने 2.35 कोटींना घेतलं, त्याने त्या हंगामात पकडीचे 99 गुण मिळवले आणि 1 मार्च 2024 ला करंडक पुण्याचा झाला. त्याच्या पकडी सगळे बघतात. मी त्याच्या फसलेल्या पकडी साठवून ठेवल्या. कुठल्या चढाईपटूने त्याला काय दाखवून पुढे ओढलं, हे त्यात दिसतं.

घरी यातलं काही सांगण्यात अर्थ नव्हता. आई चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला जाते. तिचं म्हणणं सरळ होतं: “यंदा जिल्हा झाला तर झाला, नाहीतर बस्स. तोंडाला टाके घेऊन आलीस तर बघायला येणाऱ्यांना मी काय सांगू?” सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के राखीव जागा आहेत, पण तिथवरचा रस्ता जिल्हा संघातून जातो. आणि जिल्ह्याची निवड करणारे त्याच स्पर्धेला येणार होते ज्यात आमची गाठ मुळशीशी होती.

त्यांच्या आधीच्या दोन सामन्यांचं शूटिंग मैत्रिणीने बांबूच्या कठड्यावरून केलं होतं. हलतं, अर्ध्यात कोणाची तरी टोपी. आम्ही ते ओट्यावर बसून थांबवत थांबवत पाहिलं. झेप घेण्याआधी त्यांच्या डाव्या कोपऱ्याचा कोपर सरळ व्हायचा. साखळीत धरलेला हात ताणून ती कव्हरला खूण द्यायची. प्रत्येक वेळी. आणि ती यायची चढाईपटू सरळ समोर असताना, पाय जमिनीत रोवलेले असताना.

मग डाव ठरला. निदान रेषा ओलांडल्याशिवाय चढाई ग्राह्य नाही आणि ती मध्यरेषेपासून तीन मीटरवर. तेवढं अंतर मी त्यांच्या उजव्या बाजूने कापायचं, त्या डाव्या कोपऱ्यापासून लांब. रेषेला पाय लावून परत फिरतानाच तिच्यासमोरून तिरकं जायचं. तेव्हा मी तिला सोपी दिसेन, पण माझं वजन घराकडे असेल. कोपर सरळ झाला की हात पुढे, अंग मागे, आणि लॉबीत उडी. ओट्यावर मोठ्या मुलींना अंगावर घेऊन हे आम्ही महिनाभर केलं. खांदे काळेनिळे.

पहिल्या दोन चढायांत प्रत्येकी दोन गडी बाद झाले. तिसऱ्या वेळी तो कोपर सरळ झाला आणि पुन्हा वाकला. ती आलीच नाही. मला टाळ्यांपेक्षा ते वाकणं जास्त आवडलं.

पण त्यानंतरचं कोणी सांगत नाही. अंगावर येणं थांबवल्यावर तो संघ नुसता वाट बघू लागला आणि तेही त्यांना चांगलं जमत होतं. आमचा सगळा अभ्यास वादळाचा, आणि आता वारा पडलेला. बोनसवर थोडं रेटलं, पण त्यांच्या सहा जणी उरल्या तोवरच. पाच झाल्या की बोनसही बंद. दोन गुणांनी हरलो.

निवड समितीने आमच्या संघातून एक नाव घेतलं, माझं. मुळशीच्या तिघी. आईने बातमी ऐकून आधी माझं तोंड उजेडात नीट तपासलं, मग बॅगेत शेंगदाण्याच्या चिक्कीची दोन पाकिटं टाकली.

शिबिरात ती डावी कोपरा माझ्याच खोलीत आहे. स्वभावाने गरीब, झोपेत बोलते. परवा रात्री चिक्की खाता खाता तिने विचारलं, “तुला आधीच कळायचं ना गं मी येणार ते? कसं काय?”

म्हटलं, “अंदाजाने.” राज्य स्पर्धा संपली की आम्ही परत समोरासमोरच आहोत.